विंचू उतरतो तेव्हा नेमकं काय उतरतं?

‘मुलाला विंचू चावला. आधी खूप रडला, मग शांत पडून राहिला, अंगाला दरदरून घाम सुटला. शेजारी म्हणाले, आता विंचू उतरला. हे खरं का?’ कोकणातल्या एका आईचा हा प्रश्न आहे. उत्तर आधी सांगतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. मूल शांत झालं पण घामाने भिजलं, उलट्या करू लागलं, त्याचे हातपाय गार पडले, तर विंचू उतरलेला नसतो, चढत असतो.

आपल्याकडे भीती वाटते ती काळ्या, थोराड इंगळीची. पण जीव घेतो तो बहुधा बोटभर लांबीचा लालसर विंचू. जांभ्याच्या गडग्यात, सरपणात, गवताच्या भाऱ्यात तो दडलेला असतो. आई-बाप आणि लेकरू, कुणालाही डंख मारताना तो विष मोजून मारत नाही. घागरीत टाकलेलं मूठभर मीठ आणि तांब्यात टाकलेलं मूठभर मीठ यांत जो फरक, तोच मोठ्या आणि लहान शरीरातला. म्हणून मुलांना धोका जास्त.

गंमत अशी की हे विष हृदयावर थेट घाला घालत नाही. मज्जातंतूंमध्ये सोडियमची जी दारं क्षणभर उघडून मिटायला हवीत, ती विषामुळे मिटतच नाहीत. मज्जातंतू सारखे पेटत राहतात आणि अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. वाघ समोर आल्यावर शरीर जी तयारी करतं, ती तासन्‌तास चालू राहते. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो.

आता शेतातली मोटर डोळ्यांसमोर आणा. मोटर जोरात चालू आहे आणि पुढे कुणी पाइप चिमटून धरलाय. पाणी पुढे जात नाही, मागे दाब वाढतो, सांध्यासांध्यांतून पाणी झिरपू लागतं. हृदयाचं तसंच होतं. मागचा सांधा म्हणजे फुफ्फुसं. ती पाण्याने भरतात, मुलाला धाप लागते, तोंडातून फेस येतो. अशा वेळी मोटरचा जोर वाढवून काय उपयोग? पाइपवरचा चिमटा काढायला हवा. पण पूर्वी हृदयाला जोर देणारी औषधं दिली जात, स्टेरॉइड दिली जात, अॅलर्जीची इंजेक्शनं दिली जात. चिमटा तसाच राही.

हे ज्यांनी ओळखलं त्या डॉक्टरांचं नाव प्रत्येक पालकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं, मुलं त्यांच्यासमोर फुफ्फुसांत पाणी भरून जात होती. त्यांच्या हाताशी मोठी यंत्रं नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहणं, एवढंच करता येत होतं. ते त्यांनी रात्र-रात्र केलं. त्या नोंदींतून आजाराचा क्रम दिसला, आणि क्रमातून चिमटा दिसला. तो सोडवणारी गोळी बाजारात आधीच होती. रक्तदाबासाठी वापरली जाणारी, स्वस्तातली प्राझोसिन. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. हा अनुभव १९८६ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. पुढे प्रतिविषही हाती आलं. महाडलाच झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळीसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर कोकणातली कितीतरी लेकरं त्या गोळीमुळे मोठी होऊन स्वतः आई-बाप झाली होती.

मग मंत्राने विंचू उतरल्याचे अनुभव खोटे का? माणसं खोटं बोलत नाहीत. बहुतेक डंखांत विष थोडंच जातं. नुसती आग होते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. त्याचं श्रेय मंत्राला, पाल्याला, दगडाला मिळतं. पण कोणतं मूल त्या बहुतेकांतलं नाही, हे पहिल्या तासात घरबसल्या कळत नाही. तो तास उताऱ्यात घालवला, की गोळीची वेळ टळते.

म्हणून विंचू चावला की वेळ लक्षात ठेवा. चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून बांधू नका. आग कमी व्हावी म्हणून गार पाण्याची पट्टी चालेल. मुलाला चालवू नका, उचलून घ्या आणि लक्षणांची वाट न बघता जवळचं सरकारी रुग्णालय गाठा किंवा १०८ला फोन करा. गोळी घरी देऊ नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो, मात्रा वजनावर ठरते आणि ती घेतल्यावर मुलाला झोपवून ठेवावं लागतं. रोजच्या सवयी सोप्या आहेत. चपला-बूट झटकून घालायचे, अंथरूण झटकून घालायचं, लाकडं आणि विटा मुलांच्या हाती द्यायच्या नाहीत. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे तसली बॅटरी असेल तर रात्री अंगणात फिरवून बघा. मुलांना हे दाखवलंत तर ती जन्मभर विसरणार नाहीत.

आणि त्या आईच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. विंचू खरोखर उतरतो, ते कळतं मुलाच्या पावलांवर हात ठेवल्यावर. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात, रक्त पुन्हा बोटांच्या टोकांपर्यंत पोचतं आणि गार पडलेली पावलं हळूहळू ऊबदार होतात.