नाव एक, माती अनेक

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शाडूच्या मूर्तींसाठी माती येते ती गुजरातेतून, भावनगरकडून. मातीचे नाव दर वेळी तेच; पण खाणीतील थर बदलला की मातीही बदलते. कधी तिच्यात चिकण कण जास्त, तर कधी बारीक वाळू जास्त. मग त्याच हातांनी, त्याच साच्यात केलेल्या मूर्तीला सुकताना तडा जाऊ शकतो. आणि गणेशचतुर्थी काही कोणासाठी थांबत नाही!

तडा का जातो? चिकण मातीचे कण अतिसूक्ष्म व चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचे पातळ थर असतात. पाणी उडून गेले की कण जवळ येतात व माती आकसते. कण जितके बारीक तितके पाणी जास्त, आणि आकसणेही जास्त. मूर्तीचा बारीक हात लवकर सुकतो, जाड धड उशिरा. या ओढाताणीत माती फाटते.

नव्या मातीची परीक्षा तुम्हीही करू शकता. पेणची शाडू व रोह्याच्या भातशेतातील माती वेगवेगळी मळा. प्रत्येकीची १४ सेंटिमीटर लांब व १ सेंटिमीटर जाड पट्टी करा. तिच्यावर सुईने बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. पट्ट्या सावलीत पूर्ण वाळू द्या आणि अंतर पुन्हा मोजा. ते ९४ मिलिमीटर भरले, तर माती ६ टक्के आकसली. आकसणे फार असेल तर मातीत थोडी बारीक वाळू मिसळतात. खारेपाटातील मातीची पट्टीही करून पाहा. वाळताना पाण्याबरोबर क्षार वर आले, तर तिच्यावर पांढरी पुटे दिसतील.

चिनी मातीच्या बरणीला झिलई देणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवलेला काचेचा पातळ थर. त्यातील सिलिका काच घडवते, ॲल्युमिना तिला ओघळू देत नाही, आणि फेल्स्पारमधील सोडा व पोटॅश तिला कमी तापमानाला वितळवतात. नव्या फेल्स्पारमध्ये हे प्रमाण बदलले की त्याच भट्टीत झिलई ओघळते किंवा खरखरीत राहते. लोहाचा अंश वाढला तर पांढरी झिलई पिवळट होते.

अमेरिकेतील ऑल्बनीजवळची एक माती नुसती पाण्यात कालवून लावली, तरी भट्टीत तिची तपकिरी झिलई होत असे. १९८० नंतरच्या दशकात तिची खाण बंद पडली. तेव्हा कुंभारांना इतर माती व खनिजे मिसळून तिचे गुण नव्याने साधावे लागले. तिच्यात कोणते घटक किती आहेत हे ठाऊक होते, म्हणूनच ते जमले.

म्हणून जाणता कारागीर नव्या पोत्यातील माल आधी लहानशा तुकड्यावर लावून भाजतो व जुन्या तुकड्याशेजारी ठेवून पाहतो. फरक दिसला तर जुना व नवा माल मिसळतो, किंवा प्रमाण बदलतो. एक तुकडा वाया गेला तरी चालेल, भरलेली भट्टी वाया जाता कामा नये.

तुमच्या गावची माती किती टक्के आकसते? मोजून पाहा बरे!