संकरित मक्याचा जोम

मक्याचे वाण सतत स्वपरागणाने राखले, तर पिढीगणिक ते खुरटत जाते. परंतु अशा दोन भिन्न वाणांचा संकर केला, की संतती जोमाने वाढते. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ साली हे मांडले. या जोमाची चाहूल कोवळ्या रोपातच लागते. रोपातील रासायनिक क्रिया विकरे नावाची प्रथिने घडवितात. ड्र्यू श्वार्ट्झ यांना १९६० साली संकरित मक्यात आईबापांच्या दोन विकरांखेरीज, दोहोंच्या घटकांनी जुळलेले तिसरेही आढळले. एवढ्याने जोमाचे सारे गूढ उकलत नाही. पण दोन कुळे एकत्र नांदली, की नवे काही निपजते, हे खरे. हा योग मात्र टिकत नाही. संकरित कणसाचे दाणे पुन्हा पेरले, की भिन्न जनुकांच्या निम्म्या जोड्या मोडतात व उत्पन्न घटते. म्हणूनच शेतकऱ्याला असे बियाणे दरसाल नवे घ्यावे लागते.