नकाशावरून नदीनाल्यांचे कार्य ओळखा

नदीनाल्यांची वर्गवारी आपण बहुधा आकारावरून करतो. लहान तो ओढा, मोठी ती नदी. परंतु पाणलोटाचे काम हाती घेताना त्या प्रवाहाचे कार्य कोणते, हे आधी पाहावयास हवे. एकच नदी एका शिवारात पाणी जमिनीत मुरविते, तर पुढच्या शिवारात ते केवळ वाहून नेते. दोन्ही ठिकाणी सारखाच बंधारा घातल्यास एका ठिकाणचा खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांचे उदाहरण घेऊ. सुकी, मोर इत्यादी नद्या सातपुड्यातून उतरून दक्षिणेस तापीला मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर होय. त्यातील तपकिरी समोच्च रेषा उत्तरेस दाटीने आढळतात. तेथे उतार तीव्र असतो व पाणी माती घेऊन धावते. झाडी राखणे व घळीत दगडी बांध घालणे हेच तेथील मुख्य काम.

पायथा येताच या रेषा एकाएकी विरळ होतात. येथे नद्यांनी आणलेले दगडगोटे, रेती व माती साचून जो पट्टा बनला आहे, त्यास ‘बझाडा’ म्हणतात. वरून आलेले पुराचे पाणी येथे झपाट्याने मुरते. खालच्या केळीच्या बागांचे भूजल बव्हंशी या पुनर्भरणावर अवलंबून आहे, आणि अतिउपशामुळे ते फार खोल गेले आहे. म्हणून एरवी कोरडे दिसणारे हे पात्र निरुपयोगी समजून त्यातील रेती उपसणे किंवा तेथे अतिक्रमण करणे म्हणजे आपल्याच विहिरीचे तोंड बुजविणे होय. पाझर तलाव येथेच घ्यावेत. मात्र तळाशी बसलेला बारीक गाळ उन्हाळ्यात काढला नाही, तर पाझर मंदावतो.

तापीकाठी चिकणमातीचे थर आडवे येतात व काठ घळींनी फाटलेले असतात. तेथे पाझरापेक्षा काठावरील गवत व झाडे यांचे रक्षण अगत्याचे. उन्हाळ्यात टिकणारे डोह माशांचा आसरा असल्याने तेही नोंदवावेत.

अमेरिकन शास्त्रज्ञ स्ट्रॅलर यांनी १९५२ साली मांडलेल्या पद्धतीत उगमाचा प्रवाह पहिल्या श्रेणीचा, तसे दोन मिळून दुसऱ्या श्रेणीचा, असा क्रम लागतो. हा क्रम उपयुक्त खरा. परंतु त्यावरून पाझर कळत नाही. त्यासाठी उतार, मृदा, वनक्षेत्र व विहिरींची पाणीपातळी यांचे नकाशे एकावर एक ठेवावे लागतात. संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीने हे काम सुलभ केले आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या २००९ साली सुरू झालेल्या ‘भुवन’ संकेतस्थळावर उपग्रहचित्रेही पाहता येतात.

तथापि शिवारफेरीवाचून वर्गवारी निश्चित करू नये. नकाशाची प्रत घेऊन पहिल्या मोठ्या पुरानंतर पात्राच्या कडेने जावे, पाणी कोठे दिसेनासे होते हे जुन्या शेतकऱ्यांना विचारावे आणि ती जागा पेन्सिलीने दर्शवून गट क्रमांक लिहून ठेवावा.