एक दिवस पायांचा

मारेगावकर मंडळी, २२ सप्टेंबर जगभर 'कारमुक्त दिन' म्हणून पाळतात. पुण्याने मात्र ११ डिसेंबर धरला. २०२१ साली महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला. एरवी अंग चोरून चालणारी माणसं त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध निवांत फिरली. कोलंबियातल्या बोगोटात तर १९७० च्या दशकापासून रविवारी मोठे रस्ते सायकलींसाठी मोकळे करतात.

आणि आपण? आठवडी बाजारात पिशवी घेऊन, भाव विचारत पायीच हिंडतो ना! मग चौकातल्या पानठेल्यापर्यंत गाडीला किक कशाला? अडगळीतली सायकल काढा, साखळीला दोन थेंब तेल सोडा, चाकांत हवा भरा. आपणही असा एक दिवस पाळू, येताय ना?