अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पोटॅशियम

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या की घरातली सारी माणसे घाबरून जातात. सिंदी (रेल्वे)सारख्या गावातून अशा बाईला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, सावंगीला (मेघे) किंवा नागपूरला न्यावे लागते. बाळ काचेच्या पेटीत जाते. मग एखाद्या बाळाबद्दल डॉक्टर सांगतात, "याचे पोटॅशियम वाढले आहे." म्हणजे काय झाले?

पोटॅशियम हा शरीरातील एक क्षार आहे. तो मुख्यतः पेशींच्या आत असतो. 28 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत पहिल्या दोन-तीन दिवसांत तो पेशींतून रक्तात येऊ शकतो. मूत्रपिंडे कच्ची असल्याने तो लघवीवाटे पुरेसा बाहेर पडत नाही. आकडा 7 च्या आसपास गेला की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. बाळ मात्र वरून शांत दिसू शकते. म्हणून हृदयाचा आलेख काढतात, रक्त तपासतात. टाच दाबून काढलेल्या रक्तात पेशी फुटून आकडा खोटाच वाढलेला दिसतो. तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतले तर रागावू नका.

उपचार कोणते? पोटॅशियम असलेले सलाईन बंद करतात. कॅल्शियमचे इंजेक्शन हृदयाला सांभाळते. बाळाला मधुमेह नसतानाही ग्लुकोजबरोबर इन्शुलिन देतात, कारण ते पोटॅशियमला परत पेशींत ढकलते. त्या वेळी रक्तातील साखर सारखी तपासावी लागते. साल्ब्युटामॉलची वाफही उपयोगी पडते. क्वचित रक्त बदलण्याची किंवा डायलिसिसची वेळ येते.

परंतु खरी राखण जन्माआधीच सुरू होते. 24 ते 34 आठवड्यांत कळा आल्या, तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यामुळे बाळाची फुफ्फुसे लवकर तयार होतात आणि पोटॅशियम वाढण्याचा धोकाही कमी होतो. ही इंजेक्शने वेळेत मिळावीत म्हणून कळा अंगावर काढू नका, अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. 102 क्रमांकावर गाडी बोलवा. शासकीय रुग्णालयात आई व नवजात बाळाचे उपचार, तपासण्या व औषधे 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. गाईच्या दुधात आईच्या दुधापेक्षा सुमारे तिप्पट पोटॅशियम असते. म्हणून वरचे दूध पाजू नका. आईचे दूध काढून डॉक्टर सांगतील तेवढेच द्या.

मूल अपुऱ्या दिवसांचे झाले यात सुनेचा दोष नाही. तिला बोल लावू नका, धीर द्या.