इंजिन ऑइल कधी बदलायचं?

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, अशी मुदत असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. ‘गाडी फिरलीच कुठे?’ म्हणून वर्षाची मुदत टाळू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचं इंजिन पुरेसं तापत नाही; पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचत जातं. अशा गाडीला उलट लवकरच बदल लागतो. काळं दिसलं म्हणजे ऑइल संपलं, असंही नाही. डिझेल गाडीत तर ते काजळीने लगेच काळवंडतं. महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद असताना, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा नि पातळी बघा. ऑइल बदलताना फिल्टरही नवा घाला. तिथे काटकसर नको.