शेजाऱ्याने घडवलेला संघ

२९ नोव्हेंबर २०२५ ला, शनिवारी, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठनगरीत एक सामना झाला. मिशिगन विद्यापीठाच्या ज्या स्टेडियमवर तो झाला त्याची आसनक्षमता आहे १,०७,६०१. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा शहराची लोकसंख्या सुमारे ९२ हजार होती. अख्खे भंडारा शहर तिथे नेऊन बसवले तरी पंधरा हजार जागा रिकाम्या राहतील. एवढा जनसमुदाय ज्यांना पाहायला जमतो ते खेळाडू कॉलेजात शिकणारे आहेत. एक संघ मिशिगनचा, दुसरा शेजारच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा. दोन्हीकडचे लोक या लढतीला नुसते ‘द गेम’ म्हणतात.

गोसीखुर्दच्या परिसरात कबड्डीचे सामने पाहत वाढलेल्या वाचकाला हा खेळ वाटतो तितका परका नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचे असते, नाहीतर सहकाऱ्याकडे फेकायचा असतो; त्याला पास म्हणतात. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, मैदान शंभर यार्डांचे, आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. दोन खांबांमधून चेंडू लाथाडला की फील्ड गोल, त्याचे तीन. कबड्डीत चढाई करणारा समोरच्याच्या अंगणात शिरतो आणि बचावाची साखळी त्याला रोखते. इथेही जीव आहे तो साखळीलाच साखळी भिडण्यात.

जमिनीवरून सुरू झालेले भांडण

या दोन राज्यांचे वैर खेळाच्या आधीचे आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराभोवतीच्या जमिनीच्या एका पट्ट्यावर ओहायो आणि मिशिगन या दोघांनीही हक्क सांगितला. दोन्हीकडून सशस्त्र पथके सीमेवर निघाली. रक्तपात जवळजवळ झाला नाही. पण तडजोडीत टोलेडो ओहायोकडे गेले, आणि बदल्यात मिशिगनला उत्तरेकडचा, सरोवरांपलीकडचा दूरचा प्रदेश घ्यावा लागला. ते मान्य केल्यावरच, जानेवारी १८३७ मध्ये, मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला. तेव्हा लोकांना तो प्रदेश टाकाऊ वाटला होता. पुढे त्याच मातीत तांबे आणि लोखंड सापडले. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने ज्यांची गावे उठवली, त्या वैनगंगाकाठच्या माणसांना जमीन गेल्याची आणि बदल्यात काय मिळाले त्याची मोजणी समजावून सांगावी लागत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या मनात चालूच राहते.

विद्यापीठांचे वळणही वेगवेगळे. मिशिगन १८१७ मध्ये डेट्रॉइटला स्थापन झाले आणि १८३७ मध्ये अ‍ॅन आर्बरला आले. ओहायो स्टेट १८७० चे, शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे कॉलेज म्हणून निघालेले. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून अमेरिकेने १८६२ मध्ये सरकारी जमीन देऊन अशी कॉलेजे काढण्याचा कायदा केला, त्यातून ते उभे राहिले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या जडणघडणीतही पुढे ओहायो स्टेटच्या शास्त्रज्ञांचा हात होता. एकाला ज्ञानपीठ असल्याचा अभिमान, दुसऱ्याला लोकांचे विद्यापीठ असल्याचा; मैदानात समोरासमोर येताना दोघेही तो सोबत घेऊन येतात.

गुरू आणि शिष्य

पहिला सामना १८९७ मध्ये झाला. मिशिगनने तो ३४-० असा जिंकला. १९०२ मध्ये तर ८६-०. ओहायो स्टेटला पहिला विजय मिळायला १९१९ उजाडावे लागले. १९२२ मध्ये आपल्या कोलंबस शहरात त्यांनी भव्य स्टेडियम बांधले आणि त्याच्या समर्पणाच्या सामन्याला मिशिगनलाच बोलावले. मिशिगनने १९-० असा विजय मिळवून पाहुणचार घेतला.

१९५० चा सामना भर हिमवादळात झाला. मैदानावरच्या रेषा बर्फाखाली गडप झालेल्या. चेंडू हातात ठेवणेच धोक्याचे, म्हणून दोन्ही संघ तो लाथेने दूर धाडत राहिले. दोघांचे मिळून असे ४५ फटके झाले. मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकदाही दहा यार्डांचा टप्पा गाठता आला नाही, एकही पास पूर्ण झाला नाही, तरी सामना त्यांनी ९-३ असा जिंकला. ओहायो स्टेटने लाथाडलेले चेंडू अडवूनच त्यांनी सगळे गुण मिळवले.

या इतिहासाचा कळस म्हणजे १९६९ ते १९७८ ही दहा वर्षे. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज हे कडक शिस्तीचे, चेंडू हवेत फेकण्यापेक्षा जमिनीवरून रेटत नेण्यावर विश्वास असलेले. त्यांच्याच हाताखाली खेळलेले आणि पुढे त्यांचे सहायक झालेले बो शेम्बेकलर १९६९ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक झाले. आदल्या वर्षी ओहायो स्टेटने मिशिगनला ५०-१४ असे धुऊन काढले होते, आणि सलग २२ सामने ते हरले नव्हते. शिष्याने पहिल्याच वर्षी गुरूला २४-१२ असे हरवले, तेही गुरूच्याच पद्धतीने. दहा वर्षांचा हिशेब शिष्याचे पाच विजय, गुरूचे चार आणि एक बरोबरी असा राहिला. २००६ मध्ये हे संघ देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना भिडणार होते. सामन्याच्या आदल्या दिवशी बो यांचे निधन झाले. ओहायो स्टेटने तो सामना ४२-३९ असा जिंकला.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. हे दोन संघ स्वतंत्रपणे घडलेले नाहीत. हेज नसते तर बो घडले नसते, आणि बो नसते तर हेज यांचे डावपेच इतके धारदार झाले नसते. म्हणून या दोघांना तोलायचे तर दोन वेगळ्या याद्या शेजारी मांडून भागत नाही. एकाने दुसऱ्यासाठी काय तयार केले आहे, ते पाहावे लागते.

२०२५ चे पारडे

सामन्याआधी कागदावर ओहायो स्टेट भारी होते. जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाला ३४-२३ असे हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२५ च्या हंगामात पहिल्याच सामन्यात टेक्सासला १४-७ असे रोखले. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जुलियन सेयिन होता. समोर चेंडू झेलायला जेरेमाया स्मिथ, ज्याने २०२४ मध्ये कॉलेजच्या पहिल्याच हंगामात १,३१५ यार्ड कमावले. बचावाची सूत्रे व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे होती, आणि मागच्या फळीत केलेब डाउन्ससारखा चाणाक्ष खेळाडू होता.

मिशिगनची भिस्त नवख्यांवर होती. क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड नुकताच हायस्कूलमधून आलेला, अ‍ॅन आर्बरजवळच्याच बेलव्हिल गावचा. अलाबामा विद्यापीठ सोडून आलेला जस्टिस हेन्स चेंडू घेऊन जमिनीवरून मुसंडी मारणारा. सप्टेंबरात ओक्लाहोमाने त्यांना २४-१३ असे हरवले. पुढे नेब्रास्काला त्यांनी ३०-२७ असे निसटते हरवले.

एवढ्यावर निकाल लावायचा तर ओहायो स्टेट. पण २०२४ मध्येही याद्या हेच सांगत होत्या. मिशिगन ६ विजय, ५ पराभव. ओहायो स्टेट १० विजय, १ पराभव, देशात दुसरे, सामना त्यांच्याच घरच्या मैदानावर. जाणकारांनी जवळपास २० गुणांचा फरक धरला होता. जिंकले मिशिगन, १३-१०. त्यांच्या क्वार्टरबॅकने अवघे ६२ यार्ड पासने मिळवले. स्मिथला त्यांनी ३५ यार्डांवर थोपवले, आणि शेवटचे ४५ सेकंद उरले असताना फील्ड गोल मारला.

हे कसे घडले, ते जमिनीवरच्या धावांत दिसते. चेंडू हातात घेऊन पळत काढलेले यार्ड: २०२१ मध्ये मिशिगन २९७, ओहायो स्टेट ६४. २०२२ मध्ये २५२ आणि १४३. २०२३ मध्ये १५६ आणि १०७. २०२४ मध्ये १७२ आणि ७७. चारही वर्षे जमीन मिशिगनची, चारही वर्षे सामना मिशिगनचा. २०२३ मध्ये तर मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबनामुळे मैदानाबाहेर होते. त्यांच्या जागी उभे राहिलेले शेरॉन मूर, तोवर पळणाऱ्याला वाट करून देणाऱ्या याच फळीचे प्रशिक्षक, २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले.

त्याआधी २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा ओहायो स्टेट जिंकले होते. २०२० चा सामना कोरोनामुळे झाला नाही. त्या पराभवांच्या मालिकेतूनच मिशिगनने धिप्पाड, रेटणारी फळी उभारली. २०२५ मध्ये उत्तर देण्याची पाळी ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांची होती. राष्ट्रीय विजेतेपद मिळवूनही मिशिगनविरुद्धचे चार पराभव त्यांच्या नावावर होते, आणि कोलंबसमध्ये ते कोणी विसरलेले नव्हते. सामन्याआधी माझे मत असे होते: ज्याची फळी जमिनीवर जास्त यार्ड काढेल, त्याचाच २९ नोव्हेंबर. बाकीची नावे त्या फळीच्या आड उभी आहेत.

आपल्या मैदानासाठी

या खेळात आज पैसा प्रचंड आहे. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेतली विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जातात. तरीही हे वैर टिकले आहे, आणि ते पैशाने उभे केलेले नाही. एकच प्रतिस्पर्धी, ठरलेला आठवडा, आलटून पालटून मैदान आणि शंभर वर्षांहून जुनी नोंदवही यांनी ते उभे केले. २०२४ पर्यंत मिशिगनचे विजय ६२, ओहायो स्टेटचे ५१, बरोबरी ६. आणि ओहायो स्टेटचा २०१० चा रद्द झालेला एक विजय वेगळा. हा हिशेब दोन्हीकडच्या पोरांना तोंडपाठ असतो.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, पण प्रतिस्पर्धी ठरतो ड्रॉ निघेल तसा. यंदा भिडलेले संघ पुढच्या वर्षी भेटतीलच असे नाही. आपल्याच भागात पाहा: पवनीची कॉलेजे नागपूर विद्यापीठात आणि ब्रह्मपुरीची, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून, त्या विद्यापीठात. एकेकाळी एकाच विद्यापीठात असलेली ही शेजारची पोरे आता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोरासमोर येत नाहीत.

त्यांनी ठरवून यावे, असे मला मनापासून वाटते. दोन्हीकडच्या एकेका कॉलेजात कबड्डीचा एक सामना, दर वर्षी त्याच आठवड्यात, एक वर्ष पवनीला, एक वर्ष ब्रह्मपुरीला. दोन्ही कॉलेजांच्या क्रीडा विभागांनी एक सामाईक वही ठेवावी: कोण खेळले, किती चढाया, किती पकडी, निकाल काय. यासाठी मोठे स्टेडियम लागत नाही, प्रायोजक लागत नाही. दोन प्राचार्यांची सही आणि शब्द पाळण्याची तयारी लागते. पहिली पाच-सात वर्षे तो साधा सामना असेल. मग हरलेला संघ जिंकलेल्याला डोळ्यांसमोर ठेवून वर्षभर घाम गाळू लागेल, आणि तिथून दोन्ही संघ घडायला लागतील.